काच खाणारं पाणी

काल्याच्या कीर्तनाला मृदंगी गावचाच असावा, असं खारदेवळीच्या लोकांना फार वाटे. आणि दरवर्षी तो अलिबागेकडून आणावा लागे. जनूकाकांचा डावा हात अर्धांगवायूने गेला तेव्हापासूनचं हे दुखणं. धरमतरच्या खाडीकाठचं हे गाव, मिठागरांच्या कडेला वसलेलं. माणसं राकट, पण सप्ताह म्हटला की गळ्यात टाळ अडकवून लहान पोरासारखी वेडी होणारी. त्यांना भाड्याच्या मृदंगाची लाज वाटायची. जनूकाका मंडपाच्या खांबाला टेकून बसत आणि परक्या माणसाची थाप ऐकून तोंड कडू झाल्यासारखे दिसत.

यंदा मात्र बसणार होता हिरामण म्हात्रे. जनूकाकांचाच चेला. आणि कीर्तनाला दाजीबुवा! दाजीबुवांचं कीर्तन ज्याने ऐकलं त्यालाच ठाऊक, की बुवा एकटे कधी कीर्तन करत नाहीत. ते मृदंगाला प्रश्न विचारतात, मृदंगाने उत्तर द्यायचं असतं. ढिला मृदंगी दिसला तर बुवा गादीवरूनच म्हणत, "काय हो, जेवून आलात वाटतं?" सगळा मंडप हसे. आणि मृदंगी चोख निघाला, तर बुवांच्या डोळ्यांना धार लागे. हिरामणला ती धार बघायची होती. वर्षभर त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

तेच तर आड आलं.

हिरामण धाटावला काचेच्या कंपनीत होता. न्हाणीघराच्या खिडकीला लावतात ती दुधाळ, धुरकट काच तिथे बनायची. काचेचे मोठे ताव प्लॅस्टिकच्या घोडीत उभे करून टाकीत सोडायचे, वर काढायचे, निथळू द्यायचे, धुवायचे. टाकीतलं ॲसिड दिसायला पाण्यासारखं. पण ते काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही, बाटलीच खाऊन टाकतं. पहिल्याच दिवशी सुपरवायझर हैबतराव सगळ्या नव्या गड्यांना पुढ्यात बसवून म्हणाले होते, "बाकीची ॲसिडं शिवी देतात. लागली की लगेच कळतं, माणूस बोंब मारतो. हे गोड बोलून आत शिरतं. लागताना कळत नाय. कातडीवर थांबत नाय. खाली खाली जातं, हाडापर्यंत. उशिरानं दुखायला लागतं, तोवर आत खाणं चालूच. म्हणून थेंब लागला, नुसता संशय आला, तरी मला येऊन सांगायचं. लाजायचं नाय." आणि प्रत्येकाला निळ्या टोपणाची एकेक मलमाची ट्यूब दिली होती. घरी ठेवायची, कारण पुष्कळदा दुखणं घरी गेल्यावरच जागं होतं.

काल्याच्या आदल्या रात्री रजा मिळाली नाही. रात्रपाळी करून सकाळी थेट मंडपात, असं ठरलं. पाळी संपत आली, उजाडत होतं. घोडी निथळत होती आणि हिरामण तयार तावांच्या थप्पीशी उभा राहून बोटं वाजवत होता. ही त्याची खोड. भाकरीची परात असो, बसची खिडकी असो, हात लागला की ठेका सुरू. आठवडाभर तर त्याने त्या थप्पीवरच दाजीबुवांचं अख्खं कीर्तन वाजवून काढलं होतं. तावांच्या कडा अजून घासलेल्या नसतात, पात्यासारख्या असतात. टाकीच्या कामाने ओल्या झालेल्या रबरी मोज्यांतल्या बोटांनी तो त्या कडांवर ठेका धरत होता, आणि मोजे घातलेत म्हणून निर्धास्त होता.

पाळी सुटली. उजव्या हाताचा मोजा काढला, तर मधलं बोट आणि अनामिका टोकाला ओली.

त्याने मोजा उजेडाला धरला. रबराला नखाच्या कोरीएवढी चीर दिसल्यासारखी वाटली. बोटं चोळून पाहिली. जळजळ नाही, आग नाही, काही नाही. घाम असेल. रबरात घाम येतोच. समोर काचेच्या केबिनमध्ये हैबतराव चहा पीत बसले होते. सांगितलं, तर ते उपचारखोलीत नेणार, मलम चोळणार, कंपनीच्या डॉक्टरला बोलावणार, दुपारपर्यंत हलू देणार नाहीत. आणि तिकडे मृदंगावर कोण? पुन्हा अलिबाग?

हिरामणने बोटं नळाखाली धरली, घाईघाईने झटकली आणि मोजा कचऱ्याच्या पिंपात टाकला.

"चल की रं!" बाहेरून मोटारसायकलवरून कान्हू ओरडला. कान्हू त्याचा शेजारी, पाळीतला जोडीदार आणि टाळकऱ्यांतला पुढचा गडी. "आज बुवा तुझी चामडी सोलनार. मागं बस, डुलकी घेऊ नको, पडशील."

रोहा, नागोठणं, वडखळ मागे पडलं. वाऱ्याने बोटं गार लागत होती. बरं वाटत होतं.

घरी आंघोळीचं पाणी काढून त्याची आई ठमाबाई दाराशीच उभी होती. "बोटं का रं पांढरी?"

"पान्यात व्हतो, आये."

"पान्यात आमी जलम काढला. आमची बोटं सुरकततात, पांढरी नाय व्हत."

"तुला काय सगळंच दिसतं," असं म्हणून तो हसला आणि न्हाणीत शिरला.

मंडप गच्च भरला होता. मधोमध दह्याची हंडी टांगलेली, तिला झेंडूचे हार. हिरामणने मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक थापली, सूर लावला, जनूकाकांच्या पाया पडला. काकांनी चालत्या हाताने त्याचा कान तेवढा ओढला.

दाजीबुवा उभे राहिले. टाळ उठले आणि हिरामणची पहिली थाप पडली. आहाहा! विटाळलेली जागा गोमूत्राने शिंपडावी तसा मंडप एका थापेत स्वच्छ झाला. बुवांनी मान वळवून पाहिलं. एक तान टाकली, हिरामणने ती जशीच्या तशी परत केली. बुवांनी दुडकी चाल घेतली, मृदंग वासरासारखा दुडदुडला. बुवा थांबून लोकांना म्हणाले, "हा कुठे लपवून ठेवला होतात हो? खाऱ्या पाण्याला इतका गोड झरा!" बायकांच्या बाजूला बसलेली हिरामणची बायको पुतळी पदरात तोंड घालून हसली.

आणि तेव्हाच नखाखाली काटा टोचला.

आधी वाटलं, कातडं ताठलंय. मग काटा नुसता टोचेना, ठेक्यावर टोचू लागला. अनामिका मृदंगाच्या शाईवर पडली की कळ, उचलली तरी कळ. मग कळ बोटातून वर सरकली आणि मनगटाशी येऊन बसली. हिरामणने चोरून बोट पाहिलं. टोक पांढरं झालं होतं. आंघोळीनं व्हावं तसं नव्हे. टाकीतून वर काढलेल्या काचेसारखं. दुधाळ, धुरकट, मेलेलं.

त्याला हैबतरावांचा आवाज ऐकू आला. खाली खाली जातं.

एवढा चरण होऊ दे, त्याने स्वतःला सांगितलं. चरण झाला. एवढं आख्यान होऊ दे. बुवा काल्याचं आख्यान सांगत होते. रानात सगळे गोपाळ आपापल्या शिदोऱ्या एकत्र करतात; कुणाची शिळी भाकर, कुणाचं आंबट ताक. देव घास उचलणार, तोच बघतो तर एक गडी कमी. वासरामागे गेलेला, अजून परतला नाही. देवाचा हात तसाच वर. घास तोंडात जाईना. आणि हिरामणच्या बोटात कुणीतरी तापलेली सळई फिरवत होतं. घाम डोळ्यांत उतरत होता. बुवांना वाटलं, गडी भावात आलाय. त्यांचेही डोळे भरले. ज्या धारेसाठी वर्ष काढलं ती समोर होती, आणि हिरामणला ती धड दिसतही नव्हती.

खांबाशी बसलेल्या जनूकाकांनी मान वर केली. अनामिका पडायच्या जागी पडत नव्हती. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. एकदा, पुन्हा एकदा.

कान्हूने टाळ वाजवता वाजवता वाकून पाहिलं. पांढरं टोक दिसलं आणि त्याच्या हातातला टाळ जागीच थांबला.

"हात दाखव."

"गप. सम चुकंल."

"हिऱ्या, काय लागलंय तुला? टाकीचं?"

"घाम हाय."

"घामानं बोट असं व्हतं? अरे, समेची काय घेऊन बसलास, बोट जाईल!"

"काला होऊ दे. मग जाऊ."

दाजीबुवांचा आवाज अर्ध्या ओळीवर थांबला. त्या गावात कीर्तन उभं असताना कधी कुणी उठलं नव्हतं. खुद्द बुवा थांबलेले तर कुणीच पाहिले नव्हते. "हिरामण," बुवा म्हणाले, "काय झालं बाळ?"

"काय नाय, बुवा. चालू द्या."

"काय नाय कसं!" कान्हू उभाच राहिला. "बुवा, माफी करा. ह्याला कंपनीचं ॲसिड लागलंय. हाड खातंय ते. आणि हा येडा वाजवीत बसलाय!"

बुवा गादीवरून उतरले. त्यांनी हिरामणचा हात आपल्या हातात घेतला आणि त्या पांढऱ्या टोकाकडे बघत राहिले.

"ट्यूब!" कान्हू ओरडला. "पुतळे, घरात ट्यूब हाय ना, निळ्या टोपणाची? आन धावत!"

पुतळी धावली. ठमाबाई मात्र जागची हलली नाही. तिने हळूच लुगड्याखाली पाय ओढून घेतले.

"आये?" हिरामण म्हणाला.

"कंपनीचं मलम ना रं ते?" ठमाबाईचा आवाज अगदी बारीक झाला. "मला वाटलं, तू माझ्यासाठीच आनलंस. मिठागरात टाचांना भेगा पडतात, चालवत नाय... लय गुणाचं व्हतं रं. मी थोडं शेजारच्या चंद्रावतीलापन दिलं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पुतळी परत आली ती हातात ट्यूब घेऊन. बुडापासून टोपणापर्यंत गुंडाळत नेलेली, चपटी, पार पिळून काढलेली.

"तुझी कुठंय?" कुणीतरी कान्हूला विचारलं.

कान्हूने खाली पाहिलं. "कंपनीतच. लॉकरमधी."

नारळ फोडायच्या कोयत्याने ट्यूब उभी चिरली. आत कोपऱ्यात चिकटलेलं होतं तेवढं मलम कान्हूने नखाने खरवडून हिरामणच्या बोटाला लावलं. पुरण्यासारखं नव्हतंच ते.

"माझी जीप काढा," बुवा म्हणाले. "पेणला न्या. कान्हू, तू बरोबर जा, ॲसिड कसलं ते डॉक्टरांना तूच सांग. पुतळीबाई, तुम्हीही बसा."

"आन् कीर्तन, बुवा?" हिरामणच्या डोळ्यांना आता खरंच धार लागली होती. "अर्ध्यावर माझ्यापायी..."

"मला बसवा," खांबाकडून आवाज आला. जनूकाका. "उजवा हात हाय माझा अजून."

"आणि डावं अंग?" बुवांनी विचारलं.

बाबाजी गुरव पुढे सरकला. त्याला मृदंगातला नुसता धुम तेवढा काढता येत होता. पण उणा होता तोही तेवढाच. दोन म्हातारे एका मृदंगाच्या दोन टोकांना बसले.

बुवांनी हंडीकडे बोट केलं. "ऐका. कीर्तन थांबणार नाही. पण हंडी थांबेल. वासरामागे गेलेला गडी सुखरूप आहे असं कळेपर्यंत देवानं घास खाल्ला नाही, हे आत्ताच सांगत होतो ना तुम्हाला? मग आपण कोण लागून गेलो? कान्हूचा फोन येईस्तोवर दह्याला कुणी हात लावायचा नाही."

जीप बांधावरून उसळत निघाली. मागून टाळ ऐकू येत होते, मग तेही येईनासे झाले. हिरामण हात उराशी धरून, ओठ दाताखाली दाबून बसला होता. पुतळी त्याला म्हणाली, "मला पन सांगितलं नाय." एवढंच. तेही बोटाइतकंच लागलं.

पेणच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती. कान्हूने ॲसिडचं नाव सांगताच तिने हातातलं काम टाकलं. कान्हूच्या फोनवर ती हैबतरावांशी बोलली, ॲसिड किती कडक होतं ते विचारून घेतलं. कान्हूने जीपमधूनच कळवलं होतं, त्यामुळे कंपनीची गाडी मलम घेऊन धाटावहून निघालीच होती. पण तोवर थांबायला तिची तयारी नव्हती. तिने हिरामणचा हात भरपूर पाण्याखाली धरायला लावला. मग कॅल्शियमच्या इंजेक्शनच्या कुप्या फोडून औषध जेलीत कालवलं, एका पातळ मोज्यात भरलं, आणि तो मोजा त्याच्या हातावर चढवला.

हिरामण मोज्याकडे बघत राहिला.

"आता बोटांत सुया टोचणार आहे," ती म्हणाली. "भूल देणार नाही."

"भूल नाय?" पुतळी घाबरली.

"ताई, भूल दिली तर मला काही कळणार नाही. आत औषध पोचलं की नाही ते यांचं दुखणंच सांगणार. दुखायचं थांबलं म्हणजे पोचलं. तोवर टोचत राहायचं." ती हिरामणकडे वळली. "म्हणून मला खरं सांगायचं. सोसतोय म्हणून 'नाही' म्हणालात, तर मी थांबेन, आणि ते आत हाड खात राहील. कळलं?"

"व्हय."

सुई गेली. हिरामणने दुसऱ्या हाताने खाटेचा गज आवळला. मधल्या बोटातली कळ थोड्या वेळाने विझली. विझली म्हणजे खरंच विझली, दिव्यासारखी. अनामिका मात्र तशीच पेटलेली. पुन्हा सुई. पुन्हा थांबणं.

कान्हूचा फोन वाजला. फोनवर चंद्रावती होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "कसा हाय रं त्यो? इकडं आख्यान कवाच संपलं. बुवा नुसतं नाम घेत उभे हायत, घसा बसला त्यांचा. जनूकाकाचा हात थरथरतोय पन सोडीत नाय. पोरं भुकेनं रडाय लागली. ऊन किती चढलंय! कुनी उठत नाय बघ. आन् ठमाबाय, ती तर पान्याला पन शिवत नाय. काय सांगू बुवांना?"

डॉक्टरीणबाईने विचारलं, "दुखतंय?"

हिरामणच्या डोळ्यांपुढे मंडप उभा राहिला. उन्हात बसलेली माणसं, कोमेजलेले हार, आईच्या कोरड्या पडलेल्या ओठांवरचा पदर. एक 'नाय' म्हटलं की सगळे सुटतील. थोडंसंच तर राहिलंय. सोसता येईल. एवढंसं सोसायला काय...

एवढा चरण होऊ दे.

त्याला तो मोजा आठवला, उजेडाला धरलेला. सकाळी हैबतरावांच्या केबिनपासून तो हाकेच्या अंतरावर उभा होता, आणि कीर्तनाच्या नावाखाली त्याने तोंड मिटून घेतलं होतं. देवाचं नाव पुढे करून माणूस किती सहज खोटं वागतो!

"दुखतंय, बाई," तो म्हणाला. "ह्या बोटात. तस्संच. जराबी कमी नाय."

"शाब्बास," ती म्हणाली आणि तिने पुढची सुई भरली.

कान्हूने फोनवर सांगितलं, "अजून नाय. बसा म्हनावं." मग चंद्रावती लोकांना ओरडून सांगताना ऐकू आली, "अजून नाय वं!" आणि त्यावर सबंध मंडपाने दिलेला नामाचा गजर फोनमधून खरखरत खोलीत आला.

ही सुई अगदी टोकात, नखाच्या कडेने गेली. हिरामण ओरडला. मिठागराच्या गड्याचा पोर, पण ओरडला. पुतळीने त्याचं डोकं पोटाशी धरलं. आणि मग, बांधातल्या उघाडीची झडप पाडल्यावर खाडीचं पाणी शेताबाहेर अडून राहावं, तशी ती कळ एका जागी अडली. वर येईना. मग मागे सरली. मनगटातून गेली, तळव्यातून गेली, बोटाच्या पेरात घुटमळली.

"आता?"

डोळे मिटून, मृदंगाचा सूर लागलाय का हे कान लावून ऐकावं तसं त्याने आपल्या बोटाकडे ऐकलं. कान्हू फोन हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत होता. हिरामणने त्याला थांबवलं. आणखी थोडं ऐकलं.

"नाय दुखत."

"नक्की?"

"नक्की, बाई. आता खोटं नाय बोलनार."

ती खुर्चीवर बसली आणि तिने कपाळ पुसलं. "नख जाईल. टोकाचं थोडं मांसही जाईल. हाड राहील असं वाटतं; फोटो काढून बघू. आणि आज इथून हलायचं नाही, रात्रभर लक्ष ठेवावं लागेल."

"वाजवता येईल?"

"ते मी आज नाही सांगू शकत," ती म्हणाली. तीही खोटं बोलली नाही.

कान्हूने फोन लावून हिरामणच्या कानाशी धरला. पलीकडे आधी ठमाबाईच आली. "हिरा... माझ्या टाचांपायी रं..."

"आये, टाचा बऱ्या झाल्या ना पन?"

ती हसली की रडली ते कळलं नाही. तिच्या मागून मृदंग ऐकू येत होता. उजव्या अंगाला जनूकाकांची थाप, थकलेली पण जागची न चुकणारी. डाव्या अंगाला बाबाजीचा धुम, अंमळ मागून येणारा. हिरामणने एक आवर्तन ऐकून घेतलं. मोज्यातली बोटं हलली नाहीत. त्याने ती हलू दिली नाहीत.

"आये, आधी पानी पी," तो म्हणाला. "आन् बुवांना सांग, फोडा हंडी."